आजींची काही तक्रार नाही

तालुक्याच्या रुग्णालयात सत्तरीपुढची बाई येते. मनगट मोडलेलं, दंडावर पिवळे पडलेले जुने वळ. डॉक्टर विचारतात, "आजी, काय झालं?" मागे उभा असलेला मुलगा सांगतो, "बाथरूममध्ये पडली." केसपेपरवर तेच उतरतं. प्लास्टर होतं, केसपेपर मुलाच्या खिशात जातो. पुढच्या खेपेला दुसऱ्या दवाखान्यात कोरा केसपेपर निघतो आणि मागचं मनगट नव्या डॉक्टरला दिसतच नाही.

आजींच्या श्रावणबाळ योजनेचे दीड हजार रुपये दर महिन्याला कोण काढून नेतं, हे बँकेतल्या कॅशियरला ठाऊक असतं. शेजाऱ्यांनी रात्री फोन केला तेव्हा बीट हवालदार घरी येऊन गेलेला असतो. आशाताई गेली की सून दारातच थांबते, तिला आजींशी एकांतात बोलू देत नाही. घर-जमीन कधी आणि कुणाच्या नावावर चढली, हे तलाठ्याच्या दप्तरात असतं. सगळ्यांकडे थोडं थोडं आहे. यातले बहुतेक जण आपापलं काम नीटच करतात. पण एकाने दुसऱ्याला फोन करावा, हे कुणाच्याच कामात बसत नाही, आणि म्हातारी माणसं मार खातात ती नेमकी या फटीत.

कायदा नाही, असं कुणी म्हणू नये. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा चांगला सणसणीत आहे. अर्ज प्रांतांच्या न्यायाधिकरणात करायचा, वकिलाची गरज नाही, निर्वाहाचा निकाल 90 दिवसांत अपेक्षित. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिलं आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. आजींना स्वतः अर्ज करणं जमत नसेल तर त्यांनी सांगितलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. एवढंच नाही, न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं. पण प्रांतांना कळवणार कोण? ते मनगट ज्याने पाहिलं, त्याच्यावर प्रांतांना कळवण्याचं बंधन नाही.

या कायद्याखालच्या नियमांत पोलिसांसाठीही लिहून ठेवलंय: हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठाण्यात ठेवा, समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला बरोबर घेऊन महिन्यातून निदान एकदा भेटून या. भर एकट्या राहणाऱ्यांवर! मुला-सुनेच्या घरात राहून छळ सोसणारी बाई त्यात नजरेला पडणार कशी?

अशीच फट इंग्लंडमध्येही होती. तिथल्या कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेलमध्ये 2006 च्या जुलैमध्ये रेल्वेच्या उंच पुलाखाली एका माणसाचा मृतदेह सापडला. वय चाळिशीच्या आत, बौद्धिक अपंगत्व, एका खोलीत एकटा राहणारा. 'मित्र' म्हणून घरात शिरलेल्यांनी ती खोली बळकावली, त्याचे पैसे घेतले, त्याच्या गळ्यात कुत्र्याचा पट्टा अडकवून त्याला फरफटवलं, भरमसाट गोळ्या गिळायला लावल्या आणि शेवटी पुलावर नेलं. पोलिसांना त्याचे फोन येऊन गेले होते. रुग्णवाहिका त्या खोलीवर जाऊन आली होती. आठवड्याला दोन तासांची सरकारी मदत होती, ती त्याने 'नको' म्हणून बंद केली आणि 'नको' का, हे कुणी विचारलं नाही. या मृत्यूवरच्या मार्गारेट फ्लिन यांच्या 2007 च्या अहवालातून हेच पुढे आलं की जो तो आपल्यापुरतं पाहत होता. पुढे 2014 च्या केअर ॲक्टने प्रत्येक भागात नगरपालिका, आरोग्यसेवा आणि पोलीस यांचं एकत्र मंडळ सक्तीचं केलं. छळ झालेला किंवा तसा संशय असलेला माणूस दगावला आणि खात्यांनी एकमेकांशी नीट काम केलं नसावं असं वाटलं, तर चौकशीही सक्तीची. त्याने तिथला छळ संपला नाही, पण जाब विचारायला जागा झाली. आपल्याकडे अशी बाई गेली तर दहाव्याच्या आत सगळं मिटतं.

'आजींचीच तक्रार नाही, आम्ही काय करणार?' हे उत्तर मला जवळपास प्रत्येक कचेरीत ऐकू येतं. मदत नाकारण्याचा हक्क आजींना आहेच. पण ती नकाराची मान मुलासमोर हलवलेली असेल, तर तो नकार आजींचा धरायचा का? मुलाला बाहेर बसवा. नर्सला आजींजवळ दहा मिनिटं बसू द्या. बहुतेक आयांना पोराला जेलमध्ये पाठवायचं नसतं, म्हणूनच त्या गप्प बसतात. त्यांना आधी सांगा की खटल्याशिवायही बरंच होतं: एटीएम कार्ड परत मिळतं, औषधं वेळेवर येतात, दर आठवड्याला कुणीतरी येऊन विचारपूस करून जातं.

जिल्हाधिकाऱ्यांच्या एका परिपत्रकाने सुरुवात होऊ शकते. महिन्यातून एक दुपार प्रांत कचेरीत ठाणेदार, वैद्यकीय अधीक्षक, समाजकल्याणचा माणूस, तलाठी आणि आशा गटप्रवर्तक एका टेबलाशी बसवा, बँकेच्या व्यवस्थापकालाही बोलवा. समोर आकडे नकोत, माणसांची नावं हवीत, आणि ती त्या टेबलाबाहेर जाता कामा नयेत. प्रत्येक नावापुढे एका अधिकाऱ्याची सही, पुढच्या भेटीची तारीख. बैठकीला जो येणार नाही, त्याला लेखी कारण विचारा.