गळाला लागलेली माणसं

बारामतीत सकाळी चहाच्या टपरीवर ‘काल कोण गळाला लागलं?’ असं विचारलं, तर चार जण लगेच वर्तमानपत्राची घडी उलगडतात. प्रश्न माशाबद्दल असेल अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही. आमच्याकडे गळ हे राजकारणाचं अवजार आहे, आणि आमिष म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गांडूळ न येता जिल्हा परिषदेचं तिकीट येतं. त्यामुळे खराखुरा गळ घेऊन निरेच्या नाहीतर भीमेच्या काठाला बसणारा माणूस फार बिचारा दिसतो. त्याच्या गळाला जे लागतं त्याची बातमी होत नाही, आणि पुष्कळदा काही लागतही नाही.

या भागाला दुष्काळी म्हणायची जुनी सवय आहे, पण नकाशा उघडला तर पाणी काही कमी दिसत नाही. इंदापूरच्या उत्तरेला भीमा, दक्षिणेला नीरा. दोघी नीरा-नरसिंहपूरला एकमेकींना भेटतात. बारामतीतून कऱ्हा जाते आणि सोनगावला निरेत मिळते. मधून नीरा डावा कालवा वळणं घेत जातो. शिरसुफळ, भादलवाडी, शेटफळ हे ब्रिटिश काळातले तलाव वेगळेच. त्यात 1980 मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि भीमेचा यशवंतसागर झाला. धरण भरलं की 117 टीएमसी पाणी. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ त्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं तर ते वर येतं, तेव्हा लोक गाड्या करून बघायला जातात. बाकीचं वर्षभर तिथलं दर्शन मिशीवाल्या माशांना राखीव.

हे मिशीवाले म्हणजे शिंगटी, शिंगाळा, कटर्णा, शिवडा, देशी मागूर अशी मंडळी. अंगाला खवलं नाहीत, तोंडाशी मिशा, आणि शिंगटी-शिंगाळ्याच्या पाठीवर नि कल्ल्यामागे असा काटा की धरणाऱ्याला आठवडाभर आठवण राहावी. मुंबई लष्करातला विल्यम हेन्री साइक्स हा अधिकारी दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमला होता. त्यानं आमच्या नद्यांतले मासेही नोंदवले. 1839 च्या त्या नोंदींत त्यानं भोई-कोळ्यांच्या तोंडची नावंच लॅटिनच्या शेपटीला बांधली. म्हणून आजही जगभरच्या शास्त्रज्ञांना ‘स्पेराटा सीनघाला’ आणि ‘मिस्टस सीनग्टी’ असं लिहावं लागतं. आमच्या शिंगटीला परदेशात एवढा मान आहे आणि उजनीकाठच्या भिगवणच्या बाजारात तिला चिलापी माशांच्या ढिगामागे बसावं लागतं.

हा मासा पकडायचा तर एक गोष्ट आधी मान्य करावी लागते: त्याच्या डोळ्यांना भुलवण्यात अर्थ नाही. तो तळाशी राहतो, बहुतेक रात्री फिरतो, आणि पाणी गढूळ असलं तर त्याला उलट बरंच. चव ओळखणाऱ्या गाठी त्याच्या मिशांवर असतात, तशा अंगाच्या कातडीवरही असतात. म्हणजे तो पाण्यातून जाताना पाणी चाखतच जातो. तेव्हा आमिष देखणं असून उपयोग नाही, त्याला वास पाहिजे. ओल्या उकिरड्याखालची गांडुळं, कोंबडीची आतडी, बारकी मासळी. चिकनच्या दुकानात सकाळी आतडी मागायला गेलं की दुकानदार मान वर न करता विचारतो, ‘मांजराला का माशाला?’ माशाला म्हटलं की तो कालची देतो, आणि तेच बरोबर असतं.

या एका गोष्टीनं माणसांची वर्गवारी होऊन जाते. स्वच्छ हातांची, साबणाच्या वासाची माणसं या धंद्यात मागं पडतात. आमच्याकडचे जुने गळवाले गळाला आमिष लावायच्या आधी हाताला काठाचा चिखल फासतात. शास्त्र विचारलं तर हसतात.

सर्वांत जास्त मासे पकडणारी पद्धत बघायला सर्वांत कंटाळवाणी आहे. एक लांब दोर. त्याला हातहातभर अंतरावर तंगुसाचे, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचे, आखूड तुकडे, प्रत्येकाच्या टोकाला गळ. दावणीला ओळीनं जनावरं बांधावीत तसे ते गळ लोंबत असतात. एक टोक काठच्या बाभळीच्या बुंध्याला, दुसऱ्याला दगड. मध्ये कोल्ड्रिंकची रिकामी बाटली बांधतात, म्हणजे दोर कुठं आहे ते सकाळी कळावं. उजनीच्या काठाला राहणारे आमच्या ओळखीचे आबा हा दोर संध्याकाळी होडीतून सोडतात. होडी सरकत असताना एका पायानं दोराची चळत दाबून धरायची, एका हातानं गळ सुटा करायचा, दुसऱ्यानं आतडीचा तुकडा टोचायचा आणि पाण्यात सोडायचा, आणि तोंडानं शेजारच्या होडीतल्या माणसाशी उसाच्या भावावर बोलत राहायचं. गळ बोटात घुसायचा असेल तर तो अशा वेळी घुसतो, पण आबांच्या बोटात घुसल्याचं कुणी पाहिलेलं नाही.

दोर पडला की आबा घरी. मी एकदा विचारलं, ‘आबा, रात्रभर थांबत नाही?’

‘मास्तर, मासा काय तुमच्या शाळंतलं पोरगं हाय व्हय, हजेरीला उभं राह्यला? आपण दोर टाकायचा, भाकरी खायची आन् पडायचं. रातचं काम त्याचं, सकाळचं आपलं.’

सकाळी उजाडायच्या आत दोर उचलतात. उशीर झाला तर खेकडे आणि कासवं आधी येऊन जातात आणि गळावर नुसतं डोकं उरतं. दोर वर येताना आबा तो दोन बोटांवर धरतात. पुढच्या कुठल्या गळावर जीव आहे आणि कुठल्यावर जलपर्णीचा गड्डा, ते बोटांना आधी कळतं. शिंगाळा वर आला की तो कल्ल्यामागचा काटा आडवा ताठ करतो, आणि त्या काट्याच्या सांध्यातून कर्रर्र असा आवाज काढतो. हा आवाज ऐकून नवखा माणूस मासा सोडून देतो. आबा त्याला दोन्ही काट्यांच्या मागून धरतात आणि म्हणतात, ‘वराडतोय बगा, सभेत आल्यावानी.’

या पद्धतीत रोमहर्षक काही नाही. फोटो निघत नाही. माणूस झोपलेला असताना काम होतं. दोर टाकून घोरणारा आबा आणि रात्रभर जागणारा शहाणा यांच्यात सकाळी पाटी कुणाची जड, याचा निकाल लागायला वेळ लागत नाही.

यानंतर येते हातातली दोरी. काठी नाही, रीळ नाही. डब्याला गुंडाळलेलं तंगूस, टोकाला शिसं आणि एक-दोन गळ. गरगरा फिरवून लांब भिरकावायची, मग तंगूस ताणून काठावर रोवलेल्या फोकाला अडकवायचं आणि फोकाच्या शेंड्याला घुंगरू बांधायचं. बाजारच्या दिवशी बैलांच्या साजाच्या दुकानात हे घुंगरू मिळतं. काठावर चार जण असे बसले की अंधारात चार घुंगरं. वारा सुटला की चारही वाजतात आणि चौघंही उठतात. खरा मासा लागतो तेव्हा मात्र घुंगरू एकदाच, तुटक वाजतं. शिवडा असला तर वाजायच्या आधीच फोक पाण्यात. हा मासा भलामोठा होतो, तोंड डोळ्यांच्याही मागपर्यंत फाटलेलं, आत बारीक दातांच्या रांगा. तो आमिषाची चव बघत बसत नाही, गिळून चालता होतो.

माझा पक्ष काठीचा. काठी म्हणजे वेळूची, टोकाला तंगूस, त्यावर ज्वारीच्या ताटातल्या भेंडाचा तुकडा तरंगत ठेवलेला. भेंड बुडालं की ओढायचं. यात मासे सर्वांत कमी मिळतात आणि बसणं सर्वांत जास्त होतं. बसण्याची सोय हीच काठीची खरी कमाई, असं माझं ठाम मत आहे. घरच्या लोकांना ‘नदीवर नुसता बसून येतो’ असं सांगता येत नाही. लगेच तब्येतीची चौकशी होते. काठी खांद्यावर घेतली की कुणी काही विचारत नाही. मोरोपंत बारामतीत राहिले. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. कऱ्हेच्या काठाला भेंडाकडे बघत एक दुपार काढली की एवढी रामायणं कशी झाली असतील ते पटू लागतं.

काठीला साहेबी थाटही आहे. हेन्री सलिव्हन थॉमस या साहेबानं 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ असं पुस्तकच लिहिलं, आणि त्यात मानाचं पान महाशीर माशाला दिलं. तेव्हापासून काठीवाल्यांत मिशीवाला मासा जरा खालच्या जातीचा समजला जातो. आता शनिवार-रविवारी पुण्याहून मंडळी भिगवणकडे येतात. फायबरची काठी, चकचकीत रीळ, घडीची खुर्ची, डोक्याला टोपी, आणि एका डबीत रंगीत प्लॅस्टिकचे बेडूक. हिरव्यागार उजनीच्या पाण्यात ते बेडूक तासन्‌तास पोहतात. शिंगाळ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही, कारण प्लॅस्टिकला वास नसतो. या मंडळींना आम्ही परकं मानत नाही. पुण्याहून मुळा-मुठेत जे जे सोडलं जातं ते भीमेतून अखेर उजनीतच येतं, त्यांनीही यावं.

कालव्याच्या काठची पोरं या सगळ्यांना हसतात. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन बंद झालं की तळाशी डबकी उरतात. त्यांत अडकलेल्या शिंगट्या हातानं चाचपून धरायच्या, एवढीच त्यांची पद्धत. पाय चिखलात रुतवून, पोट पाण्याला टेकवून, भिंतीतल्या भेगांमध्ये बोटं घालायची. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मोठाली माणसं नदीकाठच्या बिळात असाच हात घालून मिशीवाला बाहेर ओढतात आणि त्याच्या जाहीर स्पर्धा होतात. आमच्या पोरांना स्पर्धा नाही. काटा टोचला की बोट धरून बोंबलत घरी जायचं, आजी सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायला लावते. तो उपाय खरा आहे, उष्णतेनं काट्यातलं विष सौम्य होतं. आजी वर जे बोलते त्यानं काय होतं ते सांगता येत नाही.

एका पद्धतीबद्दल मात्र गंमत करावीशी वाटत नाही. उजनीत तिला वडाप म्हणतात: बारीक डोळ्यांची लांबलचक जाळी, जिच्यातून बोटाएवढं पिलूही सुटत नाही. तिच्यावर बंदी आहे, आणि तिच्याविरुद्ध सर्वांत जास्त ओरड करतात ते उजनीवर पोट असलेले मच्छीमारच. गळ निदान एका वेळी एका तोंडाला विचारतो.

मिशीवाल्यांच्या भाऊबंदांतही आता बाहेरचे आले आहेत. आफ्रिकेतला मांगूर देशात 2000 पासून पाळायला बंदी आहे, 2019 मध्ये हरित लवादानंही त्यावर बजावलं. तरी उजनीकाठच्या शेततळ्यांत तो चोरून वाढवला गेला, आणि मत्स्य विभागानं येऊन तळीच्या तळी उपसली. त्याला सडकं मांस चालतं, थोडा वेळ पाण्याबाहेरही तग धरतो; असा पाहुणा घरात आला की जात नाही. दुसरा सकर. दक्षिण अमेरिकेतला, अंगावर कातडीऐवजी चिलखत, कुणाच्या तरी काचेच्या पेटीतून सुटून आलेला. तो शेवाळ खरवडून खातो, त्यामुळे गळाकडे बघतही नाही. सोडलेल्या जाळ्यात मात्र न बोलावता येतो, जाळं फाडतो, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. मिशीवाल्यांत पकडायची पद्धत न शिकताही मिळणारा मासा हा एवढाच, आणि तो कुणालाच नको आहे.

दोर टाका, घुंगरू बांधा, नाहीतर माझ्यासारखी काठी घेऊन बसा. पण पावसाच्या तोंडाला गाभोळीनं पोट भरलेला शिवडा किंवा कुठलाही शिंगाळा लागला तर गळ काढून त्याला परत सोडा. शिवडा आता आययूसीएनच्या धोक्याच्या यादीत आहे, आणि शिंगाळ्याचा नर तळाशी खड्डा करून पिलांची राखण करतो; त्याला पाटीत घातलं की मागची सगळी पिलं चिलापीच्या तोंडी जातात. आणि उठताना तुटकं तंगूस, मोडका गळ खिशात घालून घरी न्या. तंगुसाचा पाणपक्ष्यांच्या पायांना फास बसतो. उन्हाळ्यात पाणी हटलं की त्याच गाळात मेंढरं चरायला येतात, आणि त्यांच्यामागं अनवाणी पोरं असतात.