पार्टी तयार हाये, काकाजी

अमरावतीत घर विकायचं ठरलं की ते सगळ्यात आधी पानठेल्याला कळतं, घरमालकाला मागाहून. अंबापेठेतल्या एका निवृत्त हेडमास्तरांचा मुलगा पुण्याहून आला, सकाळी वेलकम पॉइंटला ट्रॅव्हल्समधून उतरला आणि दिवाळी नसताना, घरात लगन नसताना चार दिवस राहिला. आमच्या दलालांना निदानासाठी एवढी लक्षणं पुरतात. पाचव्या दिवशी मास्तर दूध आणायला निघाले तर मोटारसायकल आडवी. तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात गेला आणि घोषणा झाली, "काकाजी, पार्टी तयार हाये."

पार्टी कोण, हे विचारायचं नसतं. ती कधी बँकेत मॅनेजर असते, कधी डॉक्टर, कधी मोर्शी-वरुडकडचा बागायतदार. "रोख पार्टी हाये. संत्र्याचा बगीचा इकला यंदा." पार्टीला घर न पाहताच पसंत असतं. फक्त ती कधी दारात येत नाही. तिच्या वतीने दलालच येतो, चहा पितो, छतावर जाऊन चार फोटो काढतो आणि जाताना म्हणतो, "दुसऱ्या कोनाले सांगू नका."

दुसऱ्यांना तोच सांगतो. संध्याकाळपर्यंत मास्तरांचं घर शहरातल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागतं. साईनगरच्या ग्रुपवर एक भाव, कठोरा रोडच्या ग्रुपवर दुसरा, फोटो तेच. खऱ्या गिऱ्हाइकाला एकच घर तीन भावांत दिसलं की तो शहाणा माणूस चौथा भाव निघेपर्यंत थांबतो. दलाल पारखून निवडावा असं पुण्या-मुंबईकडची मंडळी सांगतात, ते वाचायला बरं वाटतं. आमच्याकडे दलाल आपल्याला निवडतो.

मास्तरांचा मुलगा संगणकावर काम करणारा. त्याने कायदा शोधून काढला. 2016 चा रेरा कायदा, 1 मे 2017 पासून आपल्याकडे महारेरा, आणि दलालाला नोंदणी सक्तीची. त्यातही 2023 पासून दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा आली, पहिल्या परीक्षेचा निकाल 96 टक्के लागला. मास्तरांचा ऊर भरून आला. जन्मभर शाळेत ज्या निकालाची वाट पाहिली तो शेवटी दलालांनी लावला होता. त्यांनी लगेच मोटारसायकलवाल्याला प्रमाणपत्र मागितलं.

"काकाजी," तो म्हणाला, "थो कायदा नव्या स्कीमचा. तुमच्या जुन्या घराले काहून लावता?"

दुर्दैव असं की त्याचं बरोबर होतं. नोंदणीची सक्ती महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातले फ्लॅट आणि प्लॉट विकणाऱ्याला आहे. जे घर अजून बांधलंच नाही ते विकायला परीक्षा पास व्हावी लागते. ज्या घरात माणसं राहतात, देव्हारा आहे, तुळस आहे, ते विकायला मोटारसायकलमध्ये पेट्रोल असलं की झालं.

तरी दलाल ओळखायचा एक प्रश्न आहे, तो मास्तरांना आम्ही शिकवला. "आपल्या गल्लीत वर्षभरात कोणतं घर कितीला रजिस्ट्री झालं?" झालेल्या व्यवहाराची नोंद सूची क्रमांक 2 मध्ये असते आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. कामाचा दलाल दोन-तीन सौदे आकड्यासकट सांगतो. बाकीचे आभाळाकडे पाहून म्हणतात, "भाव तं लय वाढून राह्यले." हे बोलीचे भाव. बोली लावायला खर्च येत नाही, म्हणून ती वाढत राहते. मास्तरांनी प्रश्न विचारला तेव्हा आमचा मोटारसायकलवालाही आभाळाकडेच पाहू लागला, पण तिकडे पाहायला त्याच्याकडे निदान सबळ कारण होतं.

16 एप्रिल 2025 ला बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं. त्या दिवसापासून अमरावतीतला प्रत्येक प्लॉट विमानतळापासून दहा मिनिटांवर आला. बडनेऱ्याचा दहा मिनिटांवर हे समजू शकतं. पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाला रहाटगावचाही दहा मिनिटांवर, आणि त्यापुढचा "रस्ता झाला की" दहा मिनिटांवर. आयुष्यात एकदा विमानात बसणारा माणूस रोज विमानतळावर जाणार असल्यासारखा हा हिशेब ऐकतो आणि फुटामागे शंभर रुपये वाढवून देतो.

अकोल्याच्या दलालाला विमान मिळालं नाही. शिवणीची धावपट्टी वाढवायचा विषय कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षं अडून राहिला. पण अकोल्याचा माणूस हार मानणारा नाही. तो शिवणीकडचे प्लॉट "धावपट्टी वाढली की" या भावाने विकतो. त्याची खरी कसोटी पाण्यात लागते. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा असा खारपाणपट्टा पसरलेला. जमिनीखालचं पाणी खारट. त्या बाजूला सरकणाऱ्या ले-आउटमध्ये दलाल म्हणतो, "बोअरले गोड पानी हाये, पिऊन पाहा," आणि पाहुण्यापुढे ठेवतो तो पेला फिल्टरच्या कॅनमधला असतो. घरही तो सकाळी सातला दाखवतो. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा पश्चिमेच्या भिंतीची खोली दुपारी चारनंतर काय होते, हे रजिस्ट्रीआधी कळू नये एवढी काळजी तो घेतो. विकत घेणाऱ्यांनी चारलाच जावं आणि भिंतीला हात लावून पाहावा.

भिंतीवरून आठवलं. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वर बांधलेल्या घराला बरोबर नेते. वऱ्हाडातल्या जुन्या घराला भेग नसेल तर रंग नवा आहे, एवढं समजावं. मास्तरांनीही पुट्टी भरून घेतली. दलालाने सांगितलं म्हणून, असं ते म्हणतात. पण रंग त्यांनीच पसंत केला होता.

इथे दलालांच्या बाजूने बोलणं भाग आहे. मास्तरांनी घराची किंमत कशी काढली ते पाहा. मुलाला पुण्यात वाकडला दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा आहे, त्याला जेवढे कमी पडतात तेवढी अंबापेठेतल्या घराची किंमत. वर मेळघाटच्या सागवानाचे दरवाजे, वडिलांनी स्वतः उभं राहून मारून घेतलेलं पाणी, आणि मास्तरीणबाईंनी लावलेला आंबा, यांचे वेगळे. गिऱ्हाइकाला दरवाजे काढून काच लावायची असते आणि आंब्याच्या जागी गाडी. हे मास्तरांना तोंडावर कोण सांगणार? आणि भिंतीची भेग, छताची गळती, शेजाऱ्याशी सांडपाण्यावरून चाललेला वाद यांबद्दल गिऱ्हाइकाशी खोटं कोण बोलणार? मास्तर तर मुलांना खोटं बोलू नये असं शिकवत आले. त्यासाठी दलाल लागतो. आपण त्याला कमिशन देतो ते घर दाखवायचं नव्हे. आपल्या जिभेवर जे येत नाही ते बोलायचं. दोन टक्क्यांत एवढा विश्वासू माणूस दुसरीकडे मिळत नाही.

जे काम पैसे देऊन करून घ्यावं ते मात्र आपण त्याच्याकडून कधी मागत नाही. ते म्हणजे कागद. खरा सौदा बसला तेव्हा गिऱ्हाइकाच्या वकिलाने तीस वर्षांचा सर्च काढला आणि मास्तरांच्या घराचं खरं वय बाहेर आलं. जागा निघाली नझूलची. पट्ट्याचं नूतनीकरण राहिलेलं. नागपूर आणि अमरावती विभागातल्या निवासी नझूल जमिनींसाठी सरकारने 2024 मध्ये विशेष अभय योजना आणली, तेव्हा मास्तर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. वर आखीव पत्रिकेवर नाव अजून वडिलांचं. वडील गेल्यावर वारसनोंद केलीच नव्हती, कारण घर विकायचं नव्हतं.

वारस म्हटलं की बहीण आली. बहीण अकोल्याला, जठारपेठेत. वडिलांनी स्वतः मिळवलेल्या मिळकतीत मुलीचा वाटा 1956 च्या वारसा कायद्यापासून आहेच. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जितातही तो मुलाच्या बरोबरीचा झाला. मास्तरांना वाटलं होतं, राखीला आली की हक्कसोडपत्रावर सही करून जाईल. पण अकोल्यालाही दलाल आहेत. जठारपेठेतल्या दलालाने बाईंना अमरावतीचा भाव सांगितला. विमानतळ दहा मिनिटं धरून.

जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना दरम्यान 75 किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली. बहिणीची सही त्याच गुळगुळीत रस्त्याने यायची होती. ती यायला तीन सण लागले, आणि विक्रीतला तिचा वाटा ठरल्यावरच ती आली. तो हक्काचा होता, तेव्हा तक्रार कुणाबद्दल करायची हे मास्तरांना अजून कळलेलं नाही. एवढ्यात गिऱ्हाईक दोनदा पळालं आणि मोटारसायकलवाल्याने दोनदा परत आणलं. हे त्याचं खरं कसब, पण त्याचा उल्लेख कोणी करत नाही.

या काळात मास्तरांना एक दुर्बुद्धी झाली होती. गिऱ्हाईक म्हणालं, इसार देतो, किल्ली द्या, भाड्याचं घर सोडायचं आहे. मास्तर देणारच होते. मास्तर इतिहासाचे. आम्ही त्यांना त्यांच्याच विषयाची आठवण करून दिली.

वऱ्हाडातला आजवरचा सगळ्यात मोठा सौदा 1853 चा. निझामाने कंपनी सरकारच्या फौजेचा पगार थकवला, कर्ज चढलं, आणि डलहौसीने अख्खं वऱ्हाड तारण म्हणून ताब्यात घेतलं. कागदावर मालक निझाम, कब्जा इंग्रजांचा. निझामाचा दिवाण सालारजंग ते परत मागायला 1876 मध्ये थेट लंडनला जाऊन आला. मानमरातब झाला, वऱ्हाड मिळालं नाही. मग 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने उरलंसुरलं प्रकरण मिटवलं : वर्षाला 25 लाख रुपये आणि पट्टा कायमचा. या व्यवहारात खरेदीदाराचा माणूस कर्झन, भाव सांगणारा कर्झन आणि "याहून चांगली ऑफर येनार नाई" असं मालकाला पटवणाराही कर्झनच. दोन्हीकडचा दलाल एकच असला की असं होतं. पुढे 1936 मध्ये निझामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. वऱ्हाडाला सोन्याची कुऱ्हाड म्हणतात. राजपुत्राच्या हाती फक्त दांडा आला. घरात राहणाऱ्या आपल्याला कुणी विचारलं नाही हे वेगळं. भाडेकरूला तसंही कुणी विचारत नाही.

मास्तरांनी किल्ली परत खिशात ठेवली.

राहता राहिला पैसा. 1 जून 2015 पासून स्थावर मिळकतीच्या सौद्यात वीस हजार किंवा त्यावर रोख इसार घेता येत नाही. घेतला तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. हे दलालाला पाठ असतं, आणि ते सांगून झालं की तो लगेच विचारतो, "चेकचे किती आन् नगदी किती?" गिऱ्हाइकाला रोखीत गोडी, कारण मुद्रांक शुल्क पाच टक्के आणि वर शहराचा एक, कागदावर आकडा लहान तेवढं बरं. मालकाला गोडी, कारण आयकर. रेडीरेकनर मध्ये उभा असतो म्हणून, नाहीतर अंबापेठेतली घरं बक्षीसपत्राच्या भावात गेली असती. सूची क्रमांक 2 मधला आकडा म्हणूनच निम्मं खरं सांगतो. उरलेलं पिशवीत असतं. या बाजारात शेवटचा प्रामाणिक माणूस म्हणजे बँकेचं कर्ज काढून घर घेणारा नोकरदार, आणि तोही नाइलाजाने. कर्ज कागदावरच्या आकड्यावर मिळतं.

मास्तरांचं गिऱ्हाईक कर्ज काढणारं नव्हतं. ती खरोखरच संत्र्याची पार्टी निघाली.

रजिस्ट्रीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मास्तरांनी अंगठा दिला, फोटो काढला, आणि बाहेर आले तर कमिशनला तीन जण उभे. एकाने घर दाखवलं होतं, दुसऱ्याने पार्टी आणली होती, तिसऱ्याने पहिल्याला मास्तरांचा मुलगा आल्याचं सांगितलं होतं. तिसऱ्याचा दावा सगळ्यात भक्कम होता. बहीण चेकचा वाटा पर्समध्ये ठेवून अकोल्याच्या गाडीत बसली. मुलालाही चेकच हवा होता, पुण्याचा बिल्डर रोख घेत नाही म्हणे. मास्तरांच्या हाती राहिली ती पिशवी. बँकेत भरावी तर कुठून आली हे विचारतील. घरात ठेवावी तर घर विकलेलं.

मोटारसायकल आडवी आली.

"काकाजी, एवढी नगदी घेऊन पुन्याले जाता काय? बेलोऱ्याकडे एक तीस बाय पन्नासचा प्लॉट हाये. मालक आपलाच मानूस."

"विमानतळापासून किती लांब?" मास्तरांनी विचारलं.

"दहा मिनिटं."

मास्तर थोडा वेळ विचारात पडले. मग आजूबाजूला पाहून, आवाज खाली आणून म्हणाले, "इसार नगदी चालते ना?"