तारप्याला पाठ

तारप्याच्या नाचाला एक नियम आहे. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य; ते वाजवणारा तारपकरी मधोमध, बाकीचे एकमेकांना धरून त्याच्याभोवती. तो वळला की साखळी वळते, त्याने सूर बदलला की पावलं बदलतात. पण तारप्याला पाठ कुणी दाखवायची नाही. पोराने नाही, पाटलाने नाही. याची पाटी कुठे लावलेली नसते, नाच सुरू होण्याआधी कुणी सूचना देत नाही. तरी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांवर तो पाळला जातो.

मग पाहुणे येतात. दाभोसा धबधबा झाला, जयविलास राजवाडा झाला, आता 'आदिवासी नृत्य'. मोबाइल निघतो. सेल्फी काढायचा तर नाच आपल्या मागे यायला हवा, म्हणून पाहुणा पहिलं काम करतो ते तारप्याला पाठ फिरवण्याचं. नाचणाऱ्या साखळीतल्या चार जणांना हे दिसतं. ते काही बोलत नाहीत. पाहुण्याला बोलायची आपल्याकडे रीत नाही, आणि पाहुण्याला त्याचाच फायदा मिळतो.

प्रेक्षकांच्या शिस्तीचा विषय निघाला की चर्चा मुंबई, पुणे, नाशिकच्या नाट्यगृहांतच फिरते. २०१९ साली 'अश्रूंची झाली फुले'च्या प्रयोगात फोन वाजत राहिले, तेव्हा सुबोध भावे यांनी वैतागून जाहीरपणे लिहिलं की, असंच चालणार असेल तर नाटकात काम करणं थांबवलेलं बरं. त्याच वर्षी सुमीत राघवन यांनी नाशिकमध्ये 'नॉक नॉक सेलिब्रिटी'चा प्रयोग फोनपायी थांबवला. नाट्यगृहांत जॅमर बसवा, अशी मागणी मुंबई महापालिकेपर्यंत गेली. हे दुखणं आपल्यापुरतंही नाही. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये पॅटी लुपोन या अभिनेत्रीने प्रयोग चालू असतानाच मेसेज करत बसलेल्या बाईच्या हातातून फोन काढून घेतला होता.

या सगळ्यांची बाजू बरोबर आहे. नट दोन तास घाम गाळतो आणि तिसऱ्या रांगेतला माणूस 'हां, बोल, नाटकात आहे' म्हणतो, तेव्हा तो एका नटाचाच नाही, अख्ख्या सभागृहाचा अपमान करतो. पण या चर्चेतून एक चुकीचा धडा घेतला गेला. शिस्त म्हणजे गप्प बसणं, असं आपण ठरवून टाकलं. मग जत्रेतल्या, पाड्यावरच्या, उघड्यावरच्या खेळाला शिस्तच नसते, तिथे कसंही वागलं तरी चालतं, हेही ओघानेच ठरलं.

हे साफ खोटं आहे. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने 'वन्स मोअर' ओरडून ओरडून रात्रीचा प्रयोग पहाटेपर्यंत लांबवला, त्याला कुणी बेशिस्त म्हटलं नाही. तमाशात शिट्टी वाजली नाही तर फडावर चिंता पसरते. आवाज करणं हा गुन्हा नव्हे. खेळाची वाट अडवणं, खेळ करणाऱ्याचं लक्ष मोडणं आणि खेळापेक्षा स्वतःला मोठं समजणं, हे तीन गुन्हे आहेत. ते नाट्यगृहातही गुन्हे आहेत आणि मोखाड्याच्या रस्त्यावरही.

आता बोहाडा बघा, म्हणजे आमच्याकडचा देवादिकांच्या मुखवट्यांचा, रात्रभर चालणारा सोंगांचा खेळ.

दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली आमची माणसं होळीला घरी येतात. होळीनंतर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगाव बोहाडे होतात. मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा सगळ्यांना ठाऊक आहे, पण जव्हार, विक्रमगडपासून घाट चढून त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यापर्यंत हीच परंपरा पसरली आहे. कुठे त्याला भोवाडा म्हणतात. गणपती येतो, सरस्वती येते, मग एकामागून एक सोंगं: नरसिंह, भस्मासुर, मोहिनी, दहा तोंडांचा रावण. बरीच सोंगं घराण्यात चालत आलेली असतात. बापाने नाचवलेलं सोंग मुलगा नाचवतो. शेवटी देवी आणि म्हैसासुर समोरासमोर येतात, तेव्हा उजाडायला आलेलं असतं.

इथला प्रेक्षक रात्रभर काय करतो? बोलतो. चहा पितो, शेव-जिलेबी खातो. गोधडीवर पोरं झोपवतो आणि रावण आला की हलवून उठवतो. भावकीतल्या भानगडींवर बोलतो, लग्नं जमवतो. सभागृहातल्या शिस्तीच्या मापाने मोजलं तर हा अगदी टाकाऊ प्रेक्षक. पण संबळ आणि पिपाणीचा आवाज जवळ आला की हाच प्रेक्षक उठतो आणि वाट मोकळी करतो. कुणी ढकललं म्हणून नाही. म्हातारी आपलं बोचकं ओढून घेते, बाप पोराला खांद्यावर घेतो, चहावाला किटली आत सरकवतो. सोंग जवळून जाताना हात जोडले जातात, कारण मुखवटा चढला की तो शेजारचा माणूस राहत नाही, तो देव असतो. सोंग गेलं की गप्पा पुन्हा सुरू. याला मी शिस्त म्हणतो, आणि ती आमच्या आजीपणजीने घालून दिलेली आहे.

आता त्या मुखवट्याच्या आत जरा डोकावा. कागदाच्या लगद्याचा किंवा लाकडाचा मुखवटा, त्यावर मुकुट, प्रभावळ, वरून बांधलेल्या दोऱ्या. बघायला दोन लहान भोकं. समोरचं तेवढं दिसतं. बाजूचं नाही, पायाखालचं तर अजिबात नाही. आत श्वास कोंडतो, घाम डोळ्यांत उतरतो. चार पावलं पुढे, दोन मागे, गिरकी, आणि सगळा भरवसा संबळाच्या ठेक्यावर आणि मोकळ्या वाटेवर. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर मोबाइलचा दिवा पेटवला तर त्याचं काय होतं? दोन भोकांतून आत जातो तो नुसता पांढरा उजेड. पुढचं पाऊल कुठे पडणार ते त्याला कळत नाही. तो अडखळला तर जमिनीवर पडणार तो एकटा नाही, त्याच्याबरोबर घराण्याचा मुखवटाही.

तरीही दिवे पेटतात. एक नाही, पन्नास. सोंगाच्या पुढे उलटं चालत व्हिडिओ काढणारी एक नवीच जमात तयार झाली आहे. वाट सोंगाची, आणि ती अडवून हे चालतात. कुणी मुखवट्याला हात लावून बघतो, कशाचा केलाय म्हणून. कुणी सोंगाच्या खांद्यावर हात टाकून फोटो मागतो. देवाच्या खांद्यावर हात! देवळात जाऊन मूर्तीच्या गळ्यात हात टाकाल का? मग इथे धीर कसा होतो? कारण इथे पुजारी नाही, दार नाही, तिकीट नाही. दार नाही म्हणजे घर नाही, अशी यांची समजूत.

पाहुण्यांना झोडपून हात झटकता येणार नाहीत. घरातही केर आहे.

पहिला मान पुढाऱ्यांचा. सोंग नाचतं आहे, संबळ रंगात आलं आहे, आणि कर्ण्यातून आवाज येतो: 'आपल्यामध्ये अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे.' ठेका विरतो. मग शाल, श्रीफळ, दोन शब्द. ते दोन शब्द संपेपर्यंत मुखवट्यातला माणूस तसाच उभा. डोक्यावरचं ओझं उतरवता येत नाही, नाचता येत नाही. साहेबांना हे कुणी सांगत नाही आणि साहेब विचारत नाहीत. वर्गणीदारांची यादी वाचायची तर दोन सोंगांच्या मध्ये वाचा. सोंग नाचत असताना वाचलेलं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, फक्त चीड राहते.

दुसरा मान आमच्याच पोरांचा. बाटली रिचवून सोंगापुढे नाचणं ही परंपरा आहे, असं काही जण आता छातीठोक सांगतात. परंपरा काय आहे ते त्यांच्या आजोबांना विचारा. सोंगाच्या अंगावर झोकांड्या देत जाणं हा आनंद नव्हे. अशा एकेका भावाला त्याच्या चार भावांनीच उचलून घरी नेऊन निजवावं. पोलीस कशाला हवेत?

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत जास्त बोचते: उद्घाटनाचा तारपा.

इमारत कुठलीही असो, पाहुणा कुणीही असो, स्वागताला तारपा हवाच. सकाळी नऊला पथक गाडीत कोंबून आणलं जातं. पाहुणे येणार अकराला, येतात एकला. तोवर बायामाणसं उन्हात उभी, साड्या-लुगडी सारखी करत. गाडीची धूळ दिसली की कुणीतरी ओरडतं, 'चला, वाजवा!' तारपकरी तारपा उचलतो. वाळलेल्या दुधी भोपळ्याचं पोट, बांबूच्या नळ्या, मेणाचे सांधे, ताडाच्या पानांचा लांब कर्णा. गाल फुगवून तो सुरू करतो आणि मग श्वास तुटू देत नाही. नाकाने आत, तोंडाने बाहेर, सूर अखंड. हे वर्षानुवर्षांचं काम आहे. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांना याच कामासाठी संगीत नाटक अकादमीचा २०२२ सालचा पुरस्कार मिळाला. देशाने मान दिलेली ही कला आहे.

आणि पाहुणे? फाटकातून आत येतात, साखळीत घुसून दोन पावलं टाकतात, फोटो होतो, आणि मांडवाकडे चालू लागतात. सूर चालू असताना. मागे वळूनही न बघता. पाच पन्नास पाठी एका वेळी तारप्याला दाखवल्या जातात, आणि मग कुणीतरी हाताने खूण करतो: बस्स, थांबवा. नाट्यगृहात फोन वाजला तर बातमी होते. इथे अख्खा प्रेक्षकच निघून जातो, तरी कार्यक्रमाच्या वृत्तांतात मात्र 'पारंपरिक नृत्याने उत्साहात स्वागत' असं छापून येतं.

मी याला बेशिस्त म्हणतो, आणि फोनच्या बेशिस्तीपेक्षा मोठी म्हणतो. फोनवाल्याने निदान तिकीट काढलेलं असतं, तो नाटक बघायला आलेला असतो, त्याचं चुकतं. यांना बघायचंच नव्हतं. माणसांना राबवून नाचायला लावायचं आणि बघायचं नाही, असं करणारा हा प्रेक्षक नव्हेच.

मग करायचं काय? फार काही नाही.

सोंग नाचत असताना माइक बंद. आमदार येवोत, खासदार येवोत, सोंग बसल्यावर बोला.

फ्लॅश आणि टॉर्च बंद. फोटो काढायचा तर बाजूला उभं राहून काढा, वाटेवर नाही. मुखवटा उतरवलेल्या माणसाचा फोटो हवा असेल तर आधी त्याला विचारा. तो नाही म्हणाला तर विषय संपला.

पुढची जागा पोरांची आणि म्हाताऱ्यांची. पाहुण्यांसाठी खुर्च्या टाकायच्या तर मागे टाका, वाटेच्या तोंडाशी नाही.

ज्याला तारपा स्वागताला हवा, त्याने पथकाला सावली, पाणी, जेवण आणि ठरलेले पैसे वेळेवर द्यावेत. आणि एक संपूर्ण नाच उभं राहून, तोंड समोर करून बघावा. तेवढा वेळ नसेल तर हार-तुऱ्यावर भागवावं, तारपा बोलावू नये.

शहरातून येणाऱ्याने रात्रभर थांबायची तयारी ठेवून यावं. अर्ध्या तासात बोहाडा 'करून' परत जाता येत नाही. पहिल्या तासाला कंटाळा येईल, दुसऱ्या तासाला शेजारची बाई कुठलं सोंग कुणाच्या घरातलं ते सांगायला लागेल, आणि तिथून पुढे तुम्हाला फोनची आठवण राहणार नाही.

नियम सांगायचे कुणी? जॅमर यातलं काही थांबवणार नाही. तो फोनची रेंज तोडेल, माणसाचा माज नाही. सांगायचं गावानेच. बोहाडा ठरवायला गाव बसतं, वर्गणी ठरते, सोंगांचे मान ठरतात, त्याच बैठकीत हेही ठरवा आणि त्या रात्री मांडवातून ठणकावून सांगा. 'पाहुण्यांना वाईट वाटेल' हे कारण आता पुरे झालं. वाटलं वाईट तर वाटू द्या. आमच्या गावात सोंग नाचवणारा माणूस आठ महिने वीटभट्टीवर आणि शेतात राबून त्या रात्रीची वाट बघतो. त्याच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं येतात. ती पुरती त्याचीच असली पाहिजेत, आणि ती राखणं हे त्या रात्री तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचं काम आहे.