बुशेलभर गुन्हा

शनिवारी सकाळी नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या कॅरी गावातल्या देशी दुकानात कणकेच्या थप्पीपुढे निषेध सभा भरली. विषय एकच : वीस पौंडांची पिशवी सोमवारपासून एका डॉलरने महागणार. थप्पीवर पाटी होती, ‘जुन्या भावाचा शेवटचा माल. एका कुटुंबाला एकच पिशवी.’ कॅरीत घरांचे भाव लाखाने वाढले की आम्ही पेढे वाटतो. कणीक डॉलरने वाढली की मात्र आमच्यातला स्वातंत्र्यसैनिक खडबडून जागा होतो.

“चंगळ आहे शेतकऱ्यांची,” आमच्या गल्लीतले काका म्हणाले. काका मूळचे सोलापूरचे. बहात्तरच्या दुष्काळात याच अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर खाऊन वाढलेले. तिची चव आठवली की अजून तोंड वाकडं करतात. आता राहतात ग्रीन लेव्हलच्या बाजूला, जिथे कालपर्यंत शेतं होती. तिथल्या शेतकऱ्याने जमीन विकली, बिल्डरने घरं बांधली आणि वसाहतीच्या नावात आठवण म्हणून ‘फार्म’ हा शब्द तेवढा ठेवला. शेतकऱ्यांशी काकांचा संबंध आहे तो एवढाच.

मी पिशवी उलटी केली. पुढच्या बाजूला पिवळंधमक शेत आणि डोक्यावर पदर घेतलेली, हसरी बाई. पाठीमागे, चष्मा पुसून वाचावं लागेल एवढ्या अक्षरांत : कॅनडात उत्पादित. आमच्या नॉर्थ कॅरोलायनातही गहू पिकतो, नाही असं नाही. पण तो मऊ, बिस्किटांचा. पोळीला कडक गहू लागतो आणि तो उत्तरेकडून येतो.

काकांना हिशेब मांडून दाखवला. गव्हाचा एक बुशेल म्हणजे साठ पौंड. २०२४-२५ च्या हंगामात अमेरिकी शेतकऱ्याला बुशेलमागे सरासरी साडेपाच डॉलर मिळाले. कॅनडावाल्याचा भाव काही फार वेगळा नसावा. म्हणजे आपल्या वीस पौंडांच्या, पंधरा डॉलरच्या पिशवीत शेतकऱ्याचे दोन डॉलरसुद्धा नाहीत. “मग बाकीचे?” काकांनी विचारलं. बाकीचे त्या हसऱ्या बाईचे असावेत. हसायला काहीतरी कारण लागतंच की!

हा कॅनडाचा गहू साधा नव्हे. तुरुंग पाहून आलेला आहे. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत १९४३ पासून गव्हाच्या विक्रीची मक्तेदारी व्हीट बोर्डाकडे होती. अल्बर्टातल्या शेतकऱ्याला समोर, सरहद्दीपलीकडे मोंटानात बरा भाव दिसायचा. पण न्यायचा तर आधी आपलाच गहू बोर्डाला विकायचा, मग बोर्ड म्हणेल त्या भावाने कागदोपत्री परत विकत घ्यायचा, तेव्हा कुठे परवाना मिळणार. पोरगी आपली, मांडव आपला आणि कन्यादानाचं तिकीट दुसऱ्याकडून काढायचं, त्यातला प्रकार. काहींनी परवान्याविनाच ट्रक पलीकडे नेले. दंड झाला, तो भरला नाही आणि ३१ ऑक्टोबर २००२ रोजी अल्बर्टातले तेरा शेतकरी लेथब्रिजच्या तुरुंगात गेले. त्यांतल्या एकाने नेला होता एक बुशेल, तोही मोंटानातल्या मुलांच्या क्लबला भेट द्यायला. गंमत म्हणजे हे गृहस्थ शेतकऱ्यांच्या मतांवर निवडून आलेले त्याच बोर्डाचे संचालक होते. आपल्याकडे बाजार समितीचे संचालक शेतकऱ्यासाठी तुरुंगात गेल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी मक्तेदारी संपली, त्याच दिवशी पंतप्रधान हार्पर यांनी या मंडळींना माफी जाहीर केली. दहा वर्षांनी कळलं, गुन्हा गव्हाचा नव्हता, तारखेचा होता.

आणि अमेरिकेतले शेतकरी तरी हार घेऊन उभे होते का? छे! १९९८ साली साउथ डकोटाच्या गव्हर्नरांनी कॅनडाच्या धान्याचे ट्रक अडवले, कारण तो गहू आला की इकडचा भाव पडतो, अशी इकडच्यांची ओरड. एक बाहेर जाऊ देत नव्हता, दुसरा आत येऊ देत नव्हता. मधल्या मध्ये गहू.

“कॅनडावाले वेडेच,” काका म्हणाले. मी त्यांना विदर्भात नेलं. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. पांढरं सोनं पिकवायचं शेतकऱ्याने, विकायचं फक्त सरकारी योजनेला आणि चुकाऱ्याची वाट बघायची. शेजारच्या राज्यात भाव बरा असला की रात्रीच्या बैलगाड्या घुंगरं काढून हद्दीकडे निघायच्या. इकडे भाव बरा असला की तिकडचा कापूस तितक्याच गुपचूप इकडे यायचा. नाक्यावरच्या शिपायाचं दोन्ही हंगामांत बरं चालायचं.

हेही जुनं झालं म्हणावं, तर १२ मे २०२२. आपल्या वाणिज्य मंत्रालयाने जाहीर केलं की गव्हाची निर्यात वाढवायला नऊ देशांत शिष्टमंडळं जाणार. १३ मे २०२२, रात्री : गव्हाची निर्यात बंद. शिष्टमंडळाच्या बॅगा भरून होईपर्यंत तरी थांबायचं! मार्चच्या उष्णतेने दाणा बारीक राहिला, युक्रेनच्या युद्धाने जगात भाव चढला, देशात महागाई भडकायला नको, ही कारणं खोटी नव्हती. पण जगात भाव चढला तो दिवस शेतकऱ्याचा होता, आणि नेमका तोच दिवस सरकारला पाहवला नाही. ऑगस्टात कणीक, मैदा, रव्यालाही कुलूप लागलं. आमच्या दुकानातल्या भारतीय पिशव्या विरळ झाल्या त्या तेव्हा.

त्या सुमारास निफाडला माझ्या चुलतभावाला फोन केला होता. दादा लोकवन गहू लावतो. मी विचारलं, “हमीभाव तर आहे ना रे दादा?” तो म्हणाला, “आहे ना. हमीभाव टीव्हीवर आहे, खरेदी केंद्र पंजाबात आहे. कांद्याचं रडगाणं ऐकवू का आता, की तुझी मीटिंग आहे?” मीटिंग होती.

एवढं सगळं ऐकून काका हेलावले. डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. “शेतकऱ्यावर फार अन्याय होतो हो,” म्हणाले, “काहीतरी करायला हवं.” आणि त्यांनी केलं. स्वतः पहिल्या काउंटरवर उभे राहिले, काकूंना दुसऱ्यावर पाठवलं, कॉलेजातल्या चिरंजीवाला तिसऱ्यावर. तिघांनीही एकमेकांना ओळख दाखवली नाही. पार्किंगमध्ये तिन्ही पिशव्या एकाच टेस्लाच्या डिकीत गेल्या. कोणी हटकलं नाही.