पियानो, गाय आणि कादंबरी

लेखकाला पोटासाठी दुसरी नोकरी करावी लागते, याबद्दल हळहळायची आपल्याकडे जुनी रीत आहे. बँकेत खर्डेघाशी केली नसती तर अमुकतमुक केवढे मोठे कवी झाले असते, असं आपण चहाबरोबर म्हणून टाकतो. अशी हळहळ फार वाटणाऱ्यांनी एकदा आयर्लंडच्या केरी काउंटीतल्या लिस्टोलला जाऊन यावं.

वस्ती जेमतेम पाच हजारांची. मधोमध चौक, कडेला पडका किल्ला, खाली फेल नदी. मे सरून जून लागता लागता इथे ‘रायटर्स वीक’ हा साहित्यसोहळा भरतो. 1970च्या दशकाच्या सुरुवातीपासून भरत आलाय. जुन्या आयरिश हिशेबाप्रमाणे उन्हाळा एक मेलाच लागतो, म्हणजे तेव्हा तो ऐन भरात असणार. मी स्वेटरवर रेनकोट चढवून त्याचा पुरेपूर आनंद घेतला. पाऊस कोसळत म्हणून नाही, नुसता भुरभुरत राहतो. रात्री साडेनऊलाही लख्ख उजेड असतो, त्यामुळे जेवणाची वेळ झाली हे पोटाखेरीज कुणी सांगत नाही.

चौकातल्या जुन्या चर्चचं आता नाट्यगृह झालंय. तिथे, हॉटेलांच्या हॉलमध्ये आणि पबांत वाचनं चालतात. पबांत चालणारच, कारण गावाचे थोर नाटककार जॉन बी. कीन हे स्वतः पबवाले. रात्री शेवटचं गिऱ्हाईक गेलं की ते लिहायला बसत. त्यांचं ‘साइव्ह’ हे नाटक डब्लिनच्या ॲबी थिएटरने परत पाठवलं. मग 1959 मध्ये गावातल्याच हौशी मंडळींनी ते बसवलं आणि अखिल आयर्लंड हौशी नाट्यस्पर्धेत पहिलं आणलं. गोष्ट साधी आहे: पोरकी मुलगी, पैशाला हपापलेली मामी, पिकलेला पण जमीनजुमला असलेला नवरदेव आणि मध्ये दलाली खाणारा मध्यस्थ. तो मध्यस्थ बोलायला लागला आणि मला थेट ‘शारदा’ नाटकातले भद्रेश्वर दीक्षित दिसायला लागले! देवलांचं हे नाटक 1899 मध्ये रंगभूमीवर आलं. साठ वर्षांनी शारदेची धाकटी बहीण केरीत जन्मली म्हणायची. फरक इतकाच, की शारदा सुटते. साइव्ह दलदलीत जीव गमावते.

कीनांचे समकालीन ब्रायन मॅकमॅहन शाळामास्तर. चार दशकं पोरांना शिकवलं आणि उरल्या वेळात कथा-नाटकं लिहिली. त्यांच्याही आधीचा पॅट मॅकॉलिफ तर गवंडीकाम करणारा. दुकानांच्या दर्शनी भिंतींना गिलावा करता करता त्याने त्यांवर सिंह काढले, हार्प काढल्या आणि एका पबाच्या भिंतीवर आयरिश, लॅटिन, फ्रेंच अशी तीन भाषांतली वचनं उठवली. गिऱ्हाइकाने नुसता गिलावा सांगितला असेल, तर बिल बघून त्याचं काय झालं असेल कोण जाणे.

एका कथावाचनाला माझ्या शेजारी चिखलाच्या बुटांतले एक आजोबा बसले होते. कथेतली विधवा आपली गाय विकते, असा करुण प्रसंग होता. वाचन संपलं, प्रश्नोत्तरं सुरू झाली. आजोबांनी हात वर केला.

“गाय किती वेताची होती?”

लेखिका क्षणभर थांबली. “तिसऱ्या असेल.”

“मग तिला फसवलंय,” आजोबा म्हणाले आणि खाली बसले. सभागृहाने गंभीरपणे माना डोलावल्या. लेखिकेने पेन काढून हातातल्या कागदावरचा किमतीचा आकडा खोडला. मी पुष्कळ परिसंवाद ऐकलेत. पण कथेतलं नेमकं भोक इतक्या झटक्यात दाखवणारा समीक्षक मला त्यांत भेटला नाही.

गाईचा या गावच्या साहित्याशी संबंध तसा जवळचाच. इथे वर्षातल्या उत्तम आयरिश कादंबरीला मिळणारा पुरस्कार ‘केरी ग्रुप’च्या नावाचा, आणि त्या कंपनीचा पहिला दुधाचा कारखाना 1972 मध्ये लिस्टोललाच उभा राहिला. म्हणजे कादंबरीकाराचा चेक शेवटी गोठ्यातूनच निघतो.

पण हे गाव मला खरं उलगडलं ते लार्तिगच्या जुन्या रेल्वेच्या गोष्टीपाशी. अल्जीरियात दोन्ही कुशींना ओझी घेऊन चालणारे उंट पाहून या फ्रेंच इंजिनिअराला एकाच रुळाची गाडी सुचली. 1888 ते 1924 ती लिस्टोलहून समुद्रकाठच्या बॅलीबनियनला जात असे. रूळ कमरेएवढा उंच, डबे त्याच्या दोन्ही अंगांना लोंबते. दोन्हीकडे वजन सारखं हवं, नाहीतर गाडी कलंडायची. गावात किस्सा सांगतात, की एकदा पियानो पाठवायचा होता, तर समोरच्या बाजूला गाय चढवली. पियानो पोचला. आता गाय परत कशी आणायची? तिच्या समोर दोन वासरं चढवली. मग वासरं परत पाठवताना एक इकडे, एक तिकडे!

पबवाला, मास्तर, गवंडी हे सगळे एका रुळावरचेच प्रवासी. पब चालवला म्हणून कीनांचं लेखन अडलं नाही. उलट माणसं कशी बोलतात, कशी भांडतात, कशावरून गप्प होतात, हे त्यांना रोज काउंटरपलीकडून फुकट ऐकायला मिळालं. समोर ते वजन नसतं, तर पियानो पहिल्याच वळणावर खाली आला असता. आता यातला पियानो कोणता आणि गाय कोणती, हे मात्र लिस्टोलमध्ये कुणाला विचारायची सोय नाही. पबवाल्याला विचारावं, तर तो म्हणणार, “ते बघू. आधी तुम्ही काय घेणार?”