रक्तात जंतू सापडल्यावर काय करू नये: नव्या कोडरांसाठी

अभिनंदन. बी.फार्म. किंवा बी.एच.एम.एस. झालं, सीसीएसची परीक्षाही निघाली, आणि आता ऐरोली किंवा हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत बसून तुम्ही अमेरिकन हॉस्पिटलांचे चार्ट वाचणार. पहिलं काम, कॉलेजात शिकलेलं पॅथॉलॉजी विसरा. ते जमत नसेल तर विसरल्यासारखं करा, पगार त्याचाच आहे. पेशंटला काय झालं हे ठरवायचा हक्क डॉक्टरचा. तो तुमचा नाही आणि लॅबचाही नाही.

समजा, ओहायोतल्या एका आजींचा चार्ट उघडलात. वय ७८, ताप १०२.६, नाडी १२४, लॅक्टेट ४.८, क्रिएटिनिन ०.९ वरून २.४. रक्ताच्या चारही बाटल्यांत ई. कोलाय, लघवीतही तोच. रात्री बीपी पडलं, सलाइनवर सलाइन देऊनही वर येईना, म्हणून नॉरएपिनेफ्रिन लावलं. इथवर वाचल्यावर आजींना काय झालं होतं हे चहावाल्यालाही कळेल. तुम्ही मात्र शांतपणे डिस्चार्ज समरीपर्यंत खाली जायचं. तिथे डॉक्टरने सहा दिवसांचं रामायण तीन शब्दांत उरकलेलं असतं: ‘युरोसेप्सिस. प्रकृतीत सुधारणा.’

युरोसेप्सिसला कोड नाही. गाइडलाइनमध्ये स्वच्छ लिहिलंय की हा शब्द मोघम आहे, तो सेप्सिसचा समानार्थी धरू नये, डॉक्टरला विचारावं. पॉझिटिव्ह कल्चर बघून तुमचा हात आपसूक आर७८.८१ कडे, म्हणजे बॅक्टेरिमियाकडे वळेल. हात मागे घ्या. तोही डॉक्टरनेच लिहायला हवा, नुसत्या रिपोर्टवरून लावता येत नाही. याची उलट बाजू आणखी मजेची आहे. कल्चर चारही बाटल्यांत निगेटिव्ह आलं, पण डॉक्टरने सेप्सिस लिहिला, तर तो लावायचा. डिस्चार्जच्या वेळी ‘बहुधा सेप्सिस’ लिहिलं तरी झालाच असं समजून लावायचा. हेच ‘बहुधा’ ओपीडीच्या कागदावर असेल तर लावायचा नाही, तिथे नुसता ताप. का, ते विचारू नका.

तर आता क्वेरी. ‘डॉक्टर, आजींना सेप्सिस होता ना?’ असं लिहिलंत की ती लीडिंग क्वेरी झाली, आणि ऑडिटमध्ये तुमच्या नावावर एरर. पैशाचा विषय तर चुकूनही काढायचा नाही. आधी आकडे मांडायचे, मग निरागस चेहऱ्याने पर्याय द्यायचे: ई. कोलायमुळे सेप्सिस, सेप्टिक शॉकसह; ई. कोलायमुळे सेप्सिस, शॉकविना; सेप्सिसविना मूत्रमार्गाचा संसर्ग; अन्य; सांगता येत नाही. उत्तर तुम्हाला माहीत असतं, डॉक्टरलाही असतं, आणि तुम्हाला ते माहीत आहे हेही त्याला माहीत असतं. तरीही दोन दिवसांनी उत्तर येतं: ‘ॲग्री.’ पाचांपैकी कशाशी, ते नाही. पुन्हा पाठवा. तोवर चार्ट होल्डवर, आणि होल्डवरचा चार्ट प्रोडक्शनमध्ये धरत नाहीत, तेव्हा टीएल तुमच्या डेस्कपाशी येणार हे गृहीत धरा.

अखेर सेप्टिक शॉक लिहून आला की पुढचं सोपं. ए४१.५१ आधी. शॉकचा आर६५.२१ कितीही भारदस्त असला तरी त्याला पंगतीत पहिला पाट नाही. मग मूत्रमार्ग, मग किडनी. त्या एका उत्तराने बिल डीआरजी ६९० वरून ८७१ वर जातं. आजी त्याच, जंतू तोच, रक्कम मात्र बरीच मोठी.

एवढी रक्कम विमा कंपनी सुखासुखी देईल असं वाटत असेल तर तुम्ही खरंच नवे आहात. सेप्सिसच्या व्याख्या दोन. १९९२ मध्ये छापून आलेली जुनी व्याख्या उदार: संसर्ग आणि ताप, नाडी, श्वास, पांढऱ्या पेशी या चारांपैकी दोन बिघडलेले. नाडी नव्वदच्या वर आणि श्वास विसाच्या वर एवढं तर सर्दी झालेला माणूस ठाण्याला धावत लोकल पकडतानाही जमवतो. २०१६ च्या फेब्रुवारीत नवी व्याख्या आली. तिला अवयव बिघडल्याचा पुरावा लागतो, सोफा स्कोअर किमान दोनने वाढलेला. ‘सिव्हिअर सेप्सिस’ हा प्रकारच तिने मोडीत काढला, पण कोडबुकात आर६५.२० अजून ठाण मांडून आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून गाइडलाइनने सांगितलं की निकष बघू नका, डॉक्टरने आजार आहे म्हटलं की कोड लावा. थोडक्यात, हॉस्पिटल जुन्या व्याख्येने लिहितं, तुम्ही डॉक्टरच्या शब्दावर कोड करता, आणि विमा कंपनी नव्या व्याख्येने क्लेम नाकारते. तिघेही आपापल्या नियमाने बरोबर. आमच्या आजींचे आकडे दोन्ही व्याख्यांत बसतात. सगळ्याच आजी इतक्या समजूतदार नसतात.

शेवटचा धडा सेंट्रल लाइनचा. टी८०.२११ए हा कोड कुणालाच आवडत नाही. लाइनमधून झालेला संसर्ग हॉस्पिटलात असताना झाला, तर १ ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअर त्याचे जास्तीचे पैसे देत नाही. त्यामुळे एरवी पानंच्या पानं कॉपी-पेस्ट करणारे डॉक्टर इथे एकदम मितभाषी होतात. ‘लाइन काढली. ताप उतरला.’ या दोन वाक्यांच्या मध्ये ‘म्हणून’ तुम्ही घालायचं नाही, ते डॉक्टरनेच घालायला हवं. मग इन्फेक्शनचे कन्सल्टंट म्हणतात लाइनमुळे, अटेंडिंग म्हणतात न्यूमोनियामुळे. कन्सल्टंटची नोट दीड पान, कारणांसकट; अटेंडिंगची अर्धी ओळ. अशा वेळी क्वेरी अटेंडिंगला जाते, आणि त्यांनी न्यूमोनियावर टिक केली की टी८०.२११ए चा विषय संपला. पुढचा चार्ट उघडा.