आखूडशिंगी जम्बो

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जे काका राहतात, त्यांच्यासमोर ‘जम्बो जेट’ हा शब्द जपून वापरावा लागतो. एखादा नवखा पाहुणा बोलून गेलाच, तर काका चष्मा कपाळावर चढवतात आणि शांतपणे विचारतात, “कुठलं?” पाहुण्याला वाटतं, जम्बो म्हणजे जम्बो, त्यात कुठलं काय असायचं? तेवढ्यात काकू आत जाऊन कुकर लावतात. पाहुणा आता जेवूनच जाणार, हे त्यांना कळलेलं असतं.

विमानवेड्यांमध्ये पोटजाती फार. काँकॉर्डवाले कायम भूतकाळात बोलतात आणि पोटजातींत स्वतःला वरचे समजतात. ए-३८० वाले आकडे सांगतात: इतके मजले, इतकी माणसं, इतके टन. पंख्याच्या विमानांवर जीव असणारे थोडे समाजवादी वळणाचे असतात. या सगळ्यांत संख्येनं सर्वांत कमी आणि चिवटपणात सर्वांत पुढे ते एसपीवाले. त्यांचं कुलदैवत एकच, बोइंग ७४७ एसपी. जम्बोच, पण आखूड केलेलं. काका या पंथाचे. ब्रिटनमध्ये, जर्मनीत, जपानमध्ये त्यांचे गुरुबंधू पसरलेले आहेत. एकमेकांची तोंडं पाहिलेली नसली तरी विमानांचे फोटो त्यांनी एकमेकांना वर्षानुवर्षं पाठवलेले आहेत.

आता हे आखूड प्रकरण काय ते थोडक्यात सांगतो. काकांनी सांगितलं असतं तर तुमचाही कुकर लागला असता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅन अ‍ॅमला न्यूयॉर्कहून टोकियोला मध्ये कुठंही न टेकता जायचं होतं. इराण एअरला तेहरानहून थेट न्यूयॉर्क गाठायचं होतं. त्या वेळच्या पूर्ण लांबीच्या जम्बोला तेवढा दम नव्हता. शिवाय डीसी-१० आणि ट्रायस्टार ही तीन इंजिनांची विमानं मधल्या आकाराचं गिऱ्हाईक पळवत होती. बोइंगनं मग नवं विमान काढण्याऐवजी जुन्यालाच कात्री लावली. पंखांच्या पुढचा थोडा भाग गेला, मागचा थोडा गेला. ७० मीटरांचं विमान ५६ मीटरांवर आलं, म्हणजे साधारण एक एसटी आणि तिच्या मागं उभी असलेली एक रिक्षा एवढा ऐवज कमी झाला. पंखांची लांबी तीच राहिली आणि इंजिनंही चारच राहिली. अंग हलकं झालं नि पल्ला वाढला. कारखान्यात त्याला आधी ‘शॉर्ट बॉडी’ म्हणत, पुढं त्याचं ‘स्पेशल परफॉर्मन्स’ झालं. लग्नाच्या जाहिरातीत बुटक्या मुलाची उंची ‘मध्यम’ होते, त्यातलाच प्रकार.

आखूडशिंगी, बहुदुधी गाय आपल्याकडे फक्त बोलण्यात सापडते. बोइंगनं ती सिअ‍ॅटलजवळच्या कारखान्यात खरोखरची बांधली आणि ४ जुलै १९७५ला उडवून दाखवली. फक्त ती चारा फार खायची. इंजिनं चार, वैमानिक तेवढेच, देखभाल तेवढीच, आणि खुर्च्या मात्र कमी. पंगत दहा पानांची आणि आचारी वीस पानांचा, असा व्यवहार. त्यात १९७३ नंतर तेल भडकलेलं. पुढं पूर्ण लांबीच्या जम्बोलाच जास्त ताकदीची इंजिनं बसली, त्याचाही पल्ला वाढला, आणि आखूड जम्बो घेण्याचं कारण उरलं नाही. एकंदर ४५ बांधली गेली. शेवटचं १९८९मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारकडे गेलं.

बोइंगच्या हिशेबनिसांनी इथं वही मिटली, आणि एसपीवाल्यांनी नेमकी इथंच उघडली.

मला पुष्कळ दिवस वाटायचं की काकांचं प्रेम त्या विमानाच्या रूपावर आहे. तेही आहेच. एसपी दिसतं मोठं गमतीदार. तोंड मोठ्या माणसाचं, धड शाळकरी मुलाचं, आणि मागं शेपूट सगळ्या खानदानात उंच. त्या शेपटीवरून कुणी हसलं की काका दुखावतात. “अरे, आखूड दांड्याच्या कुदळीला जोर जास्त लावावा लागतो की नाही? तसंच आहे ते. अंग आखूड झालं, शेपूट पंखांच्या जवळ आलं, म्हणून ते मोठं करावं लागलं. उभं शेपूट पाच फुटांनी वाढवलं, आडवं दहा फुटांनी.” हे सांगताना ते हात आडवे पसरतात, आणि कपाटावरचं चिमुकलं मॉडेल कितीदा तरी त्यांच्याच हातानं खाली आलेलं आहे. त्या मॉडेलचं शेपूट तीनदा चिकटवलेलं आहे. दर वेळी ते थोडं आखूड होत गेलं, पण याविषयी घरात बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे.

पण खरी गोम रूपात नाही, पंचेचाळीस या आकड्यात आहे. बोइंगनं सगळी मिळून जम्बो बांधली १,५७४. ती शिरगणतीची संख्या झाली, तिच्यावर कोण प्रेम करणार? पंचेचाळीस म्हणजे कूळ. प्रत्येकाचं नाव, जन्म, कुठल्या घरी पडलं, दुसरेपणावर कुठं गेलं, शेवटी कुठल्या वाळवंटात हाडं टाकली, हे सगळं पाठ होऊ शकतं. आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापतात ना, काकांच्या वहीत तसा या विमानांचा आहे. हिरव्या शाईत हयात, लाल शाईत मोडीत. पॅन अ‍ॅमची एसपी १९८६मध्ये पॅसिफिकच्या मार्गांसकट युनायटेडकडे गेली, ती नोंद तर दत्तकपत्रासारखी लिहिलेली आहे. वर तारीख, खाली रेघ.

काकूंना एकदा मी भीत भीत विचारलं, तुमच्या माहेरच्या माणसांची नावं काकांना येतात का हो? काकू म्हणाल्या, “माझ्या माहेरी पंचवीसच माणसं. पंचेचाळीस असती तर आली असती.”

कुळात पराक्रम असावेच लागतात आणि ते आहेतही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदामुळं आफ्रिकेतल्या अनेक देशांनी तिच्या विमानांना आपल्या आकाशातून मज्जाव केला होता. अख्ख्या खंडाला समुद्रावरून वळसा घालायचा, तर एसपीच हवं. मार्च १९७६मध्ये दक्षिण आफ्रिकेचं पहिलं एसपी कारखान्यातून निघालं ते थेट केप टाउनला उतरलं. अंतर १६,५६० किलोमीटर, वेळ १७ तास २२ मिनिटं. हा विक्रम तेरा वर्षं टिकला. सतरा तास बावीस मिनिटं हा आकडा काका सत्यनारायणाच्या प्रसादासारखा प्रत्येकाला थोडा थोडा देतात. फक्त वर्णभेद होता म्हणून एसपी लागलं, हे वाक्य ते जरा घाईनं उरकतात. भक्ताला दैवताच्या आश्रयदात्यांची चौकशी नको असते.

त्याच वर्षी मे महिन्यात पॅन अ‍ॅमचं ‘क्लिपर लिबर्टी बेल’ पृथ्वीप्रदक्षिणेला निघालं. न्यूयॉर्कहून दिल्ली, दिल्लीहून टोकियो, तिथून परत न्यूयॉर्क. थांबे दोनच, आणि ४६ तास २६ मिनिटांत घरी. “सगळी पृथ्वी हिंडलं आणि उतरलं कुठं, तर दिल्लीला,” काका म्हणतात. मुंबईचं जे जे दिल्लीनं पळवलं त्या यादीत हे त्यांच्याकडे फार वर आहे.

आणि १९८५चा तो प्रसंग. चायना एअरलाइन्सचं एसपी सॅन फ्रान्सिस्कोच्या अलीकडे पॅसिफिकवर असताना एक इंजिन मंदावलं, विमान कलंडलं आणि अडीच मिनिटांत तीस हजार फूट खाली आलं. आडव्या शेपटीचे तुकडे हवेत गळाले. तरी वैमानिकांनी ते सावरलं आणि सॅन फ्रान्सिस्कोला नीट उतरवलं. जीव कुणाचाही गेला नाही. ही कथा काका माझ्या मुलीला झोपताना सांगायचे. दुसऱ्या दिवशी तिची आई त्यांना जिन्यात गाठायची.

आमची इमारत घाटकोपरला, उतरणाऱ्या विमानांच्या ऐन वाटेवर. इराण एअरचं एसपी मुंबईला येत असे. त्या दिवशी काका गच्चीत. आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचं आम्हाला पोटच दिसतं, पण त्यांना तेवढंही पुरतं. “खालून बघ. जम्बोच्या पंखांखाली होड्यांसारखे फुगवटे असतात. एसपीला ते नाहीत. पंख स्वच्छ.” माझ्या डोळ्यांना सगळ्या विमानांचे पंख स्वच्छच दिसतात. काका माझ्याकडे शाळामास्तर बघतात तसे बघतात, म्हणजे रागानं नाही, पुढच्या वर्गात ढकलायच्या नजरेनं.

शेवटी त्यांनी मला जरीमरीला नेलं. तिथून धावपट्टी म्हणजे अगदी पायरीशी. काकांच्या गळ्यात दुर्बीण, हातात हिरव्या शाईची वही. विमानतळाच्या भिंतीशी दुर्बीण घेऊन उभा असलेला म्हातारा बघून एक हवालदार आला.

“काय चाललंय?”

“एसपीची वाट बघतोय,” काका म्हणाले.

हवालदार क्षणभर ताठ झाला. मग त्याच्या लक्षात आलं. “आजोबा, मुंबईत एसपी नसतो. इथं डीसीपी. एसपी जिल्ह्याला.”

“हे तेहरानहून येतंय,” काका म्हणाले.

यापुढचं संभाषण बरंच लांबलं. काकांनी त्याला पॅन अ‍ॅम सांगितली, शेपूट सांगितलं, कुदळ सांगितली. हवालदार मूळचा कराडचा निघाला, त्याला कुदळ पटली. तो आमच्याशेजारीच उभा राहिला. मी म्हटलं, आता बराच वेळ जाणार, तीन कटिंग सांगू या. मी टपरीवर सुटे पैसे मोजत असताना डोक्यावर आवाज झाला. वळून बघेपर्यंत कुठल्याशा पत्र्यामागं एक भलंमोठं शेपूट नाहीसं होत होतं. हवालदारानं सगळं बघितलं. “आखूडच आहे की हो,” तो हरखून म्हणाला. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तीन चहा धरून उभा होतो.

त्या दिवसापासून आमच्या नात्यात अंतर पडलं. “हा होता तिथं,” असं काका माझी ओळख करून देतात आणि जरा थांबतात. वाक्य कधीच पूर्ण करत नाहीत.

२०१६मध्ये इराण एअरनंही आपलं शेवटचं एसपी निवृत्त केलं. तिकीट काढून एसपीत बसण्याची सोय जगातून गेली. मग काकांचा सगळा जीव एकाच विमानावर गोळा झाला. पॅन अ‍ॅमचं जुनं ‘क्लिपर लिंडबर्ग’ नासानं घेतलं होतं आणि जर्मनांच्या मदतीनं त्याच्या अंगाला मागच्या बाजूला भलं मोठं दार पाडून आत दुर्बीण बसवली होती. सोफिया तिचं नाव, दुर्बिणीचं वजन १७ टन. चाळीसेक हजार फुटांवर हवेतली बहुतेक वाफ खाली राहते, तिथं दार उघडून ही बाई आकाश बघायची. २०२०मध्ये तिच्या निरीक्षणांतून चंद्राच्या उन्हातल्या भागावरही पाण्याचे रेणू आहेत असं जाहीर झालं. काकांनी घरात शिरा करायला लावला. “दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही,” काकू रवा भाजत म्हणाल्या, “आणि इथं चंद्रावरच्या पाण्याचं कौतुक.”

२०२२मध्ये सोफियाही थांबली आणि अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनच्या पिमा विमानसंग्रहालयात गेली. काकांची मुलगी फिनिक्सला असते, मोटारीनं दोन तासांवर. काका तिच्याकडे गेले ते नातवाच्या मुंजीला, असं निदान विसाच्या मुलाखतीत सांगितलं होतं.

एका रात्री उशिरा त्यांचा फोन आला. त्याच संग्रहालयात पॅन अ‍ॅमचंच एक जुनं, पूर्ण लांबीचं जम्बोही आहे. ते पाहिलंत का, मी विचारलं. “ते काय, लांब आहे,” काका म्हणाले. मग सोफियाकडे वळले. टोपी घालून, भर उन्हात, नाकापासून शेपटीपर्यंत त्यांनी तिच्या बाजूनं चालत पावलं मोजली होती. पंचाहत्तरपर्यंत मोजली, मग धाप लागली, मग नातवानं पाणी दिलं. एवढं बोलून काका गप्प झाले. मला वाटलं, गहिवरले असतील.

“काका? आहात ना?”

“आहे रे,” त्यांनी आवाज खाली आणला, बहुधा काकू जवळ होत्या. “कुणाला सांगू नकोस. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लांब आहे ते.”